काचेवरची गोळी

लवू कुबलाच्या फाटक्या जाळ्याची शिसं
दोन शेर तांदळाला यायची आमच्या घरात,
मिठानं पांढरी झालेली, मधे भोक,
काहींना अजून दोऱ्याची शेपटी.
समुद्रानं वापरलेलं शिसं बरं, आपा म्हणायचे,
त्याला बुडायची सवय असते.

भात पोटरीला आलं की सड्यावरून डुकरं उतरायची
आणि सकाळी कोपरा असा दिसायचा
की कुणी रागानं अंथरूण विस्कटलंय.
मग मागीलदारी तीन दगड,
करवंट्यांचा जाळ, लांब दांड्याची पळी.
वितळताना आधी मळ वर यायचा,
वाळू, चुना, एखादा शिंपल्याचा कण.
तो काढायचं काम माझं.
मी अकरा वर्षांची. भाऊ नव्हता म्हणून.

साचा आजऱ्याच्या लोहाराचा, अडकित्त्यासारखा.
थंड साच्यातली गोळी सुरकुतलेली निघते,
फार तापलेल्या शिशाची राखाडी, खरबरीत.
मधली हवी.
मधली म्हणजे कशी ते आपा सांगत नसत,
तळहातावर ठेवत.

मग काच. एका फोटोची काढून घेतलेली,
ज्यातला माणूस आता घरात कुणालाच ओळखू येत नव्हता.
तिरकी धरून वरून गोळी सोडायची.
चांगली गोळी सरळ येते, एकाच आवाजात.
जिच्या पोटात हवा राहिलीय
ती अर्ध्यात मान टाकते.
"आयक गे चेडवा. भायरसून सगळ्यो गोऱ्योच दिसतत.
पोटात काय हा, ता चालीन कळता."

सोळातल्या नऊ पास व्हायच्या, कधी सात.
उरलेल्या परत पळीत.
मला राग यायचा त्या परत वितळण्याचा,
पुन्हा फुंकणी, पुन्हा डोळ्यांत धूर.
"मेलेलो डुकर कोणाक मारणा नाय," एवढंच म्हणत,
आणि जखमीचं वाक्य पुरं करत नसत.

त्या वर्षी, घटाच्या दिवसांत,
माझ्या बोटाला फोड होता, जाळ विझत आलेला,
पलीकडच्या घरातून घावन्यांचा वास.
बारावी गोळी काचेवर जरा डावीकडे गेली.
जराच.
माझा हात हलला असेल, असं मी मला सांगितलं,
कोकमतेलाची चिंधी गुंडाळली
आणि ती चांगल्या गोळ्यांच्या पिशवीत टाकली.

बुधाजी घाडी हाक्यात होता, बारीच्या उजव्या अंगाला.
बार मी घरातून ऐकला.
नेहमीसारखाच होता.
डुकराला खांद्याऐवजी मागं मांडीत लागली,
तो करवंदीत शिरला
आणि बाहेर पडला तो बुधाजीच्या समोर.
चौघांनी खाट उचलून तरीपर्यंत नेली,
तिथून पलीकडे, तिथून ट्रकनं देवगड.
बावीस टाके. माणूस वाचला,
माडावर चढणं तेवढं सुटलं.

आपांनी मला काही विचारलं नाही.
पुढच्या खेपेला काच स्वतः पुसून माझ्यापुढे ठेवली
आणि पाठ करून बसले, टोप्यांची डबी मोजत.
त्या दिवशी सोळातल्या तीनच निघाल्या.
तीनच घेऊन गेले.

बंदूक कधीच ठाण्यात जमा झाली.
डुकरं उतरतात अजून,
काजूच्या बागेला आता झटक्याची तार आहे.
बुधाजी मागच्या फाल्गुनात गेला, म्हातारपणानं.
त्याच्या सुनेनं मला आग्रहानं वाढलं,
तुमच्या वडलांचं नाव काढायचे, म्हणाली,
दर दिवाळीला तांदूळ यायचे त्यांच्याकडून.
हे मला माहीत नव्हतं.

माळ्यावर साचा सापडला, गंजून मिटलेला.
खोबरेल सोडून उघडला तर आत एक गोळी,
ओतलेली, न तपासलेली.
तशी काच आता घरात नाही.
मोबाइल तिरका धरला, वरच्या कडेला गोळी ठेवली.
बराच वेळ
बोट काढलं नाही.